‘नॅनो’ फिल्टरचं टोकन देण्याआधी हे तीन प्रश्न विचारा



मागच्या आठवड्यात वाठोड्याकडच्या एका भाऊंचा फोन आला. त्यांचा जारच्या पाण्याचा धंदा आहे. एक बोअर, एक आरओ प्लांट, २० लिटरचे जार आणि दोन मालवाहू गाड्या. दुकानं, ऑफिसं, मंगल कार्यालयं असं गिऱ्हाईक. त्यांना एका माणसाने ऑफर दिली होती: १ लाख ८० हजारांत ‘नॅनो टेक्नॉलॉजी’चं युनिट बसवा, जारवर ‘मायक्रोप्लास्टिकमुक्त’ असं स्टिकर लावा आणि ३० रुपयांचा जार ५० ला विका.

भाऊ म्हणाले, “सर, परवा टोकन द्यायचं आहे. घेऊ का नको, एका शब्दात सांगा.”

एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून व्हिडिओ केला. पण व्हिडिओत वेळ कमी पडतो, हिशेब राहून जातात. ते सगळं इथे निवांत लिहितोय. तुमचा धंदा पाण्याचा नसला तरी वाचा. उद्या तुमच्या धंद्यातही कोणीतरी ‘नॅनो’ घेऊन येणारच आहे.

पाण्यात नेमकं काय आहे?

५ मिलिमीटरपेक्षा छोटा प्लास्टिकचा तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. हा शब्द जगभर रूढ झाला तो २००४ साली, ब्रिटनचे सागरी शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या संशोधनामुळे. पण ५ मिलिमीटरचा तुकडा डोळ्यांना दिसतो. खरी अडचण त्याच्या खालच्या मापांची आहे.

माप असं लक्षात ठेवा. १ मिलिमीटरचे हजार भाग केले की १ मायक्रॉन. आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. त्या १ मायक्रॉनचे पुन्हा हजार भाग केले की १ नॅनोमीटर. १ मायक्रॉनपेक्षाही बारीक प्लास्टिकला नॅनोप्लास्टिक म्हणतात.

हे येतं कुठून? साडी-शर्टातलं पॉलिस्टर धुताना सुटतं, गाडीचे टायर झिजतात, पन्नी उन्हात कुरकुरीत होऊन चुरा होते. आपल्या चहाच्या टपरीवरही बघा. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी कागदी कपांवर प्रयोग केला. त्या कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं कपात ठेवलं, तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले.

आता लगेच घाबरू नका, आणि गिऱ्हाइकाला तर अजिबात घाबरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात सांगितलं की पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकमुळे धोका आहे असं ठामपणे म्हणायला पुरावा अपुरा आहे, संशोधन वाढवा. २०२४ साली इटलीत एक अभ्यास झाला. मानेच्या रक्तवाहिनीत साठलेल्या चरबीत ज्यांच्या प्लास्टिकचे कण सापडले, त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण साडेचार पट दिसलं. पण प्लास्टिकमुळेच ते झालं, हे त्या अभ्यासाने सिद्ध केलं नाही. म्हणजे काळजी घ्यायला कारण आहे, भीती विकायला नाही.

नॅनो मटेरियल काम कसं करतं?

यात तीन पद्धती आहेत: चिकटवणं, ओढणं आणि तोडणं.

पहिली, चिकटवणं. साखरेच्या खड्याएवढा, म्हणजे एका बाजूला १ सेंटिमीटर असलेला ठोकळा घ्या. त्याचं बाहेरचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता हाच ठोकळा १० नॅनोमीटरच्या बारक्या ठोकळ्यांत कापला, तर सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं ६०० चौरस मीटर! आपल्या नागपूरच्या ले-आउटच्या भाषेत सांगायचं तर १,५०० चौरस फुटांचे चार प्लॉट, एका ठोकळ्यात. एवढी जागा मिळाली की प्लास्टिकचे कण चिकटायला भरपूर ठिकाणं तयार होतात. त्यात पाण्यातल्या बहुतेक प्लास्टिक कणांवर ऋण विद्युतभार असतो. समोरच्या मटेरियलवर धन भार असला की ते एकमेकांकडे खेचले जातात.

दुसरी, ओढणं. चिकटलेलं प्लास्टिक बाहेर कसं काढायचं? मटेरियलमध्ये चुंबकाला धरणारं लोह ऑक्साइड घालतात. काम झालं की बाहेरून चुंबक लावायचा, भुकटी एका बाजूला गोळा होते आणि प्लास्टिकही तिच्याबरोबर येतं. आयर्लंडच्या फिऑन फरेरा या शाळकरी मुलाने २०१९ साली तेल आणि लोहचूर्ण वापरून याच तत्त्वावर प्रयोग केला आणि गूगल सायन्स फेअर जिंकली. २०२२ साली मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने चुंबकाने ओढता येणारी अशीच एक भुकटी तयार केली. ती तासाभरात पाण्यातलं बारीक प्लास्टिक उचलते, असं त्यांनी दाखवलं.

तिसरी, तोडणं. काही नॅनो मटेरियल अतिनील प्रकाश, म्हणजे आपल्या प्युरिफायरमध्ये असतो तो यूव्ही, पडला की जागी होतात आणि प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडायला लागतात.

आपल्याच देशातलं उदाहरण बघा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. सूर्यसारथी बोस यांच्या गटाने २०२४ साली एक हायड्रोजेल तयार केलं. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा पदार्थ. त्यात तांबं असलेले नॅनो कण बसवले. मग जेवणाच्या डब्यांची झाकणं वगैरे रोजच्या वापरातलं प्लास्टिक दळून पाण्यात टाकलं. या जेलने दोन प्रकारच्या प्लास्टिकपैकी सुमारे ९५ आणि ९३ टक्के कण धरले आणि यूव्हीखाली ते तोडायलाही सुरुवात केली. एकच जेल पाच वेळा वापरता आलं. काम उत्तम आहे. पण हे प्रयोगशाळेतलं काम आहे, वाठोड्याच्या शेडमधलं नाही, हे विसरू नका.

मग आपला आरओ काय करतो?

हा प्रश्न भाऊंनी विचारलाच नव्हता, आणि सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

आरओच्या पडद्याची छिद्रं जवळपास एका नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात. युएफ पडद्याची छिद्रं साधारण १० नॅनोमीटरची. म्हणजे पडदा धड असेल, कुठे फाटला नसेल, तर मायक्रोप्लास्टिक त्यातून जाऊच शकत नाही. भाऊंकडे आरओ आधीच होता. मग १ लाख ८० हजारांचं युनिट नेमकं काय काढणार होतं?

इथे एक गंमत आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने २०२४ साली बाटलीबंद पाणी तपासलं. एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण सापडले, त्यातले जवळपास ९० टक्के नॅनो आकाराचे. काही बाटलीच्या प्लास्टिकचे होते. पण पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनचे कणही बरेच होते. ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधूनच आले असावेत, असं संशोधकांचं म्हणणं आहे!

म्हणजे प्लास्टिक पाण्यात परत येतं ते गाळून झाल्यानंतर. जारमधून, झाकणातून, पाइपातून. झाकण पुन्हा पुन्हा उघडझाप केल्यानेही कण सुटतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आता मे महिन्यातलं नागपूर आठवा. ४५ अंशांत गाडीवर उघड्यावर तापणारे जार, तारेच्या ब्रशने आतून घासलेले, ओरखडे पडून पांढुरके झालेले. त्याच्या आधी कितीही भारी नॅनो युनिट बसवलं तरी शेवटी पाणी त्याच जारमध्ये जाणार ना?

टोकन देण्याआधीचे तीन प्रश्न

हे तीन प्रश्न लिहून ठेवा. विकणारा कितीही गोड बोलला तरी उत्तरं कागदावर मागा.

प्रश्न १: हे ‘नॅनो’ नेमकं कशासाठी आहे?

‘नॅनो’ हे मापाचं नाव आहे, गुणाचं नाही. पुण्याच्या टीसीएसच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर काम झालं, आणि त्यातूनच पुढे २००९ साली टाटा स्वच्छ हा फिल्टर बाजारात आला. तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनो कण. वीज नको, नळाचा दाब नको, किंमत हजार रुपयांच्या आत. भारतात नॅनो मटेरियलचा खराखुरा घरगुती माल होऊ शकतो, याचा हा पुरावा. पण ती चांदी जंतूंसाठी होती, प्लास्टिकसाठी नाही. तेव्हा विचारा: तुमच्या युनिटमध्ये कोणतं मटेरियल आहे, आणि ते कशावर काम करतं? ‘नॅनो आहे ना सर’ हे उत्तर नाही.

प्रश्न २: किती टक्के, कोणत्या मापाचे, कोणत्या पाण्यात?

‘९५ टक्के काढतो’ हे वाक्य अर्धवट आहे. १ मिलिमीटरचा एक गोळा आणि १ मायक्रॉनचे १०० कोटी गोळे यांचं वजन सारखंच असतं. आता समजा, पाण्यात हे दोन्ही आहेत आणि मशीनने फक्त तो एक मोठा गोळा काढला. वजनाच्या हिशेबाने ५० टक्के प्लास्टिक गेलं! संख्येच्या हिशेबाने १०० कोटी कण तसेच राहिले. दोन्ही आकडे खरे, पण गिऱ्हाइकाच्या पोटात काय जातं ते दुसरा आकडा सांगतो.

पाणी कोणतं हेही विचारा. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा स्वच्छ पाण्यात मोजून प्लास्टिक टाकतात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. नाल्याच्या पाण्यात साबण, तेल, गाळ असतो. ही सगळी मंडळी मटेरियलवरच्या त्याच जागा अडवतात. चार प्लॉटवर प्लास्टिकच्या आधी दुसऱ्यांनीच अतिक्रमण केलं तर?

आणि तपासलं कशाने? टीडीएस मीटर फक्त पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो, प्लास्टिक त्याला दिसत नाही. दोन लोखंडी सळ्या पाण्यात बुडवून करंट देऊन पाणी तपकिरी करून दाखवतात ना, तो तर निव्वळ खेळ आहे. तो रंग सळयांच्या लोखंडाचा असतो. मायक्रोप्लास्टिक ओळखायला रामन किंवा एफटीआयआर पद्धतीची यंत्रं लागतात, आणि ती प्रयोगशाळेत असतात. रिपोर्ट तुमच्या पाण्याचा मागा, ब्रोशरमधल्या पाण्याचा नाही.

प्रश्न ३: पकडलेलं प्लास्टिक जातं कुठे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण इथे बहुतेक सेल्समन गप्प होतात.

आपल्या नागपुरात १९५८ साली सुरू झालेली संस्था आज नीरी म्हणून जगाला माहीत आहे. नीरीने पाण्यातलं फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत दिली. तुरटी आणि चुना टाकायचा, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा. स्वस्त, साधी, हुशार पद्धत. पण फ्लोराइड नाहीसं होत नाही, ते गाळात जातं. तो गाळ विहिरीच्या काठावरच टाकला तर पावसाने पुन्हा पाण्यातच येणार.

प्लास्टिकचंही तसंच. भुकटीला चिकटलेलं प्लास्टिक भुकटी धुतल्यावर सुटतं. ते धुवण नालीत सोडलं तर नालीतून नाग नदीत, नागमधून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि गोसेखुर्दच्या धरणात. आपण इकडून काढलं आणि भंडाऱ्याकडच्या माणसाच्या पाण्यात टाकलं. वर भुकटीच सुटून पाण्यात आली तर ते वेगळंच संकट. आणि ‘तोडणारं’ मटेरियल असेल तर विचारा की पूर्ण तोडतं का अर्धवट? अर्धवट तोडलं तर एका मोठ्या कणाचे हजार छोटे कण झाले, एवढंच.

हिशेब मांडा

समजा, मटेरियलची किंमत ४,००० रुपये किलो. विकणारा म्हणतो की एक किलो २० हजार लिटरला पुरेल. म्हणजे लिटरला २० पैसे, २० लिटरच्या जारला ४ रुपये. परवडतं. आता आपल्या जड पाण्यात ते ५ हजार लिटरलाच संपलं असं धरा. लिटरला ८० पैसे, जारला १६ रुपये! ३० रुपयांच्या जारमध्ये काय उरलं? यात तपासणीचा आणि गाळ विल्हेवाटीचा खर्च अजून धरलेला नाही. म्हणून मशीनच्या किमतीपेक्षा ‘किती लिटरनंतर बदलायचं’ हा आकडा लेखी घ्या.

आणि स्टिकरचा हिशेब वेगळा. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, यात मायक्रोप्लास्टिकची मर्यादाच दिलेली नाही. मग ‘प्रमाणित मायक्रोप्लास्टिकमुक्त’ हे प्रमाणित केलं कोणी? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. युनिट विकणारा निघून जाईल. जारवर नाव तुमचं आहे.

मग यात धंदा नाहीच का?

आहे ना! पण तो कुठे आहे ते समजून घ्या.

आधी झाडू, मग पोछा. नॅनो मटेरियल हा पोछा आहे, शेवटच्या बारीक धुळीसाठी. ढीग तसाच पडलेला असताना पोछा मारला तर चिखल होतो.

झाडूचं काम कुठे आहे? जुनं प्लास्टिक दळून दाणा बनवणारी युनिटं बघा. प्लास्टिक धुतलेलं पाणी ही मायक्रोप्लास्टिकची मोठी जागा आहे. मोठ्या लाँड्र्या आहेत, सिंथेटिक कपड्यांचे धागे त्यांच्या पाण्यातून जातात. तिथे पाणी स्थिरावायची टाकी, बारीक जाळी, गाळ सुकवायची सोय आणि महिन्याची देखभाल, एवढं जरी तुम्ही नीट बसवून दिलं तरी मोठा भाग अडतो. ही सेवा आहे, दर महिन्याचं बिल आहे, आणि यात खोटं बोलावं लागत नाही. उद्या चांगलं नॅनो मटेरियल बाजारात आलं, तर ते बसवायला गिऱ्हाईक तुमच्याकडे तयार असेल.

स्वस्त उपायांवरही लक्ष ठेवा. टेक्सासमधल्या टार्लटन स्टेट विद्यापीठात रजनी श्रीनिवासन यांनी भेंडी आणि मेथीच्या चिकट अर्कावर काम केलंय. भूजलात मेथीच्या अर्काने ८० ते ९० टक्के मायक्रोप्लास्टिक गोळा होऊन खाली बसलं. चीनमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये आणखी साधी गोष्ट दाखवली. जड पाणी उकळून गाळलं की ९० टक्क्यांपर्यंत कण कमी होतात, कारण भांड्याला बसणाऱ्या पांढऱ्या थरात ते अडकतात. जो थर आपण आयुष्यभर शिव्या देत घासतो, तो कामाचा निघाला!

भाऊंनी काय केलं?

तीनही प्रश्न व्हॉट्सअपवर पाठवले. पहिल्याचं उत्तर आलं, ‘इम्पोर्टेड नॅनो मीडिया.’ दुसऱ्याचं उत्तर म्हणून ब्रोशर पुन्हा आलं. तिसऱ्यावर दोन निळ्या टिका आल्या आणि मग काहीच नाही. टोकन वाचलं.

त्याच पैशांतल्या थोड्या भागात त्यांनी जार ठेवायला पत्र्याचं शेड टाकलं, गाडीवर ताडपत्री लावली, ओरखडे पडलेले जार बाद केले, तारेचा ब्रश फेकला आणि आरओच्या पडद्याची बदलायची तारीख भिंतीवर लिहिली. आता गिऱ्हाइकाला ते सांगतात, “आमचा जार उन्हात राहत नाही, जुना जार आम्ही भरत नाही.” दर दोन रुपयांनी वाढवला. एका मंगल कार्यालयाने तक्रार केली, बाकीच्यांनी दिला.

तुमचा गृहपाठ: आज तुमच्या दुकानात, टपरीवर, प्लांटवर एक फेरी मारा. गरम वस्तू कुठे प्लास्टिकमध्ये जाते, प्लास्टिक कुठे उन्हात पडलंय, आणि धुतलेलं पाणी कुठे जातं, या तीन गोष्टी वहीत लिहा. यातल्या कोणत्याच गोष्टीला १ लाख ८० हजार लागत नाहीत. काय सापडलं ते व्हिडिओखाली लिहून कळवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.

धंदा करा, पण डोळे उघडे ठेवून. भेटू!